महाडच्या चवदार तळ्याचा कज्जा : वहिवाट आणि पुरावा

१. प्रास्ताविक

कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस चवदार तळ्याचें प्रकरण फार अलीकडचें वाटतें. सनदा, महजर, करीने यांच्या पंक्तीस तें बसत नाहीं. म्हणून तें राजकारणाच्या अभ्यासकांचें क्षेत्र असें समजून आपण तें बाजूस ठेवितों. आमच्या मतें ही समजूत बरोबर नाहीं. सन १९२७ पासून १९३७ पर्यंत महाडच्या एका तळ्यावरून जो वाद चालला, त्याचा शेवट मुंबईच्या हायकोर्टांत झाला. आणि तेथें जो प्रश्न निकालांत निघाला तो आपल्या रोजच्या व्यवसायांतलाच होता. एखादी गोष्ट पूर्वापार चालत आली आहे असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां तें कशावरून मानावयाचें, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत लेखांत आम्हांस दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. पहिली ही कीं, २० मार्च १९२७ चा प्रसंग एका दिवसांत घडून आलेला नाहीं. त्याच्या मागें महाड व आसपासचीं खेडीं यांतील कित्येक वर्षांची खटपट आहे. दुसरी ही कीं, ज्या वहिवाटीच्या बळावर एका वर्गास पाण्यापासून दूर ठेविलें होतें, तिचा पुरावा कोणी मागितलाच नव्हता. लोक संघटित होऊन तळ्यावर गेले म्हणून तो मागण्याची वेळ आली. आणि मागितल्यावर तो निघाला नाहीं.

२. गांव आणि तळें

महाड हें सावित्री नदीच्या कांठचें जुनें बंदर. पूर्वींच्या कुलाबा व आतांच्या रायगड जिल्ह्यांत तें येतें. गांवाशेजारीं गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं असून त्यांतील एका लेखांत कुमार काणभोज विष्णुपालित याचें नांव आढळतें. शिवछत्रपतींची राजधानी रायगड येथून जवळच. सन १७९६ च्या धामधुमींत नाना फडणीस महाडास येऊन राहिले, व त्याच वर्षीं निजामाशीं जो करार झाला तो महाडचा तह या नांवानें प्रसिद्ध आहे. इतकें या गांवाचें जुनें वैभव वाचकांस परिचितच आहे.

परंतु आमच्या विषयाशीं संबंध आहे तो उतरत्या काळच्या महाडाचा. भरतीच्या पाण्यावर गलबतें खाडीनें वर येत आणि घाटावरचा व कोंकणचा माल येथें एकमेकांस भेटे. सन १८६३ त आगगाडीनें बोरघाट ओलांडला. घाटावरचा मोठा व्यापार सरळ मुंबईकडे जाऊं लागला, आणि खाडीकांठच्या पेठांचें महत्त्व ओसरत गेलें. महाडची पेठ राहिली, पण ती मुख्यतः आसपासच्या खेड्यांची पेठ म्हणून. मीठमिरचीसाठीं, कज्जेकचेरीसाठीं, पेन्शन घेण्यासाठीं खेड्यांतला माणूस महाडास येई. आणि दिवसभर बाजारांत वावरणाऱ्या त्या माणसास तहान लागे. या साध्या गोष्टीपासून पुढचें सर्व प्रकरण निघालें आहे.

चवदार तळें (कागदोपत्रीं ‘चौदार’ असेंही रूप मिळतें) चार ते पांच एकरांचें आहे. हायकोर्टाच्या निकालांत त्याचें जें वर्णन आहे तें एखाद्या संशोधकानें लिहावें असें नेमकें आहे. तळ्याच्या चारी बाजूंस म्युनिसिपालिटीचे रस्ते. रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंचीं व थोडीं मुसलमानांचीं घरें. पाण्याच्या कडेचे जमिनीचे पट्टे, घाट व बांधीव कठडे हे पुष्कळ ठिकाणीं त्या घरमालकांच्या मालकीचे. आणि अस्पृश्य मानलेल्या लोकांचें एकही घर जवळपास नाहीं. गांवची वस्ती सात-आठ हजारांची आणि तींत या लोकांची संख्या चारशेंहूनही कमी. हा शेवटचा आंकडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. गांवांतल्या या मूठभर लोकांस एकट्यानें तळ्यावर जाणें शक्य नव्हतें. बळ यावयाचें तें खेड्यांतूनच.

३. पूर्वपीठिका

तें बळ कसें जमलें हें पाहूं लागलों म्हणजे आपण एकोणिसाव्या शतकांत जातों. मुंबई इलाख्याच्या फौजेंत महार शिपायांची मोठी भरती असे, व कोंकणांतल्या या भागांत पेन्शनीं लोकांचीं घरें पुष्कळ होतीं. फौजेंत लिहावाचावयास शिकलेला, हिशेब जाणणारा, अर्ज कसा करावा हें ठाऊक असलेला असा हा वर्ग. महाडनजीकच्या रावढळ गांवचे गोपाळ बाबा वलंगकर हे त्यांपैकींच. फौजेची नोकरी संपल्यावर ते दापोलीस राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. ‘विटाळ विध्वंसन’ हें त्यांचें पुस्तक त्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीचें असून, अनार्य दोष परिहारक मंडळी या नांवाची संस्थाही त्यांनीं काढली. पुढें फौजेची भरती या जातींस बंद झाली, तेव्हां ती पुन्हां सुरू व्हावी म्हणून १८९४ त त्यांनीं अर्ज तयार केला. १८९५ त महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. सन १९०० त ते वारले.

भरती बंद झाल्यानें खेड्यांतून येणारा पैसा आटला. परंतु पेन्शनरांनीं लाविलेली अक्षरांची गोडी आटली नाहीं. पुढच्या पिढींतले रामचंद्र बाबाजी मोरे हे महाडजवळच्या लाडवलीचे, जन्म १९०३. शिष्यवृत्ति मिळविलेल्या या मुलास महाडच्या इंग्रजी शाळेंत प्रवेश मिळण्यास अडचण पडली, तेव्हां त्यानें वर्तमानपत्रांत तक्रार प्रसिद्ध केली आणि प्रवेश मिळविला. पुढें महाडच्या बाजारांत येणाऱ्या आपल्या लोकांसाठीं चहापाण्याची एक जागा झाली, तींत मोऱ्यांचें बसणें-उठणें असे. तेथें अर्ज लिहिले जात, मुंबईची बातमी कळे, कोणाच्या गांवीं काय जुलूम झाला तें बोललें जाई. परिषदेची कल्पना अशा बैठकींतून पुढें आली. चळवळीच्या इतिहासांत व्याख्यानांस जितकें महत्त्व देतात, तितकें या चहाच्या जागेस द्यावें असें आम्हांस वाटतें.

४. कौन्सिलचा व म्युनिसिपालिटीचा ठराव

दुसरीकडून कायद्याची वाट मोकळी होत होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदे-कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेलीं अगर चालविलेलीं पाणवठ्याचीं ठिकाणें, विहिरी, धर्मशाळा, तसेंच शाळा, कोर्टें, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग करण्यास अस्पृश्यांस मुभा असावी, अशी शिफारस त्यांत होती. सप्टेंबरांत सरकारनें त्याप्रमाणें आपल्या खात्यांस हुकूम काढले. १९२४ च्या जानेवारींत महाड म्युनिसिपालिटीनें ठराव करून चवदार तळें सर्वांस खुलें केलें. या कामीं म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष राहिलेले सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस यांचें नांव प्रामुख्यानें घेतलें जातें.

येथें संशोधकानें थांबून पाहावें. १९२४ च्या जानेवारीपासून १९२७ च्या मार्चपर्यंत तीन वर्षें ठराव दप्तरांत होता, आणि तळ्यावर कांहींएक बदल झाला नव्हता. केवळ ठरावाच्या पुस्तकावरून जो इतिहास लिहील तो लिहील कीं, तळें १९२४ त खुलें झालें. आणि तो चुकेल. कागद खरा, त्यावरची सही खरी, परंतु कागदांत लिहिलेली गोष्ट घडलेली नाहीं, असें जुन्या कागदांतही कितीदां होत असेल याचा विचार आपण क्वचितच करितों.

५. मार्चची परिषद

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास भरली. अध्यक्ष डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. कार्यकर्ते कित्येक दिवस गांवोगांव फिरले होते. वर्गणी व धान्य खेड्यांतून जमविलें होतें. मोरे व त्यांचे सोबती, संभाजी तुकाराम गायकवाड, शिवराम गोपाळ जाधव यांच्याबरोबर अनंतराव विनायक चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे व टिपणीस हे सवर्ण समाजांतले सहकारीही कामांत होते. जमलेल्या हजारों माणसांस पिण्याला पाणी लागे, तें सवर्णांकडून विकत घ्यावें लागलें; त्यास चाळीस रुपये पडले. ज्या गांवचें तळें तीन वर्षांपूर्वीं ठरावानें खुलें झालेलें, त्याच गांवांत हा खर्च करावा लागला. त्या काळच्या स्थितीचें याहून बोलकें टिपण आमच्या पाहण्यांत नाहीं.

पहिल्या दिवशीं डॉ. आंबेडकरांनीं शिक्षण, स्वाभिमान व मृत जनावरांचें मांस खाण्याची चाल सोडणें यांविषयीं भाषण केलें. दुसऱ्या दिवशीं ठराव झाल्यावर, म्युनिसिपालिटीचा ठराव अंमलांत आणण्यासाठीं परिषदेनें तळ्यावर जावें, अशी सूचना चित्रे यांनीं मांडली. लोक रांगेनें बाजारांतून निघाले, तळ्यावर आले, आणि डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्या मागोमाग इतरांनीं पाणी घेतलें. शांतपणें गेले तसे शांतपणें परतले.

त्यानंतर थोड्याच वेळानें, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी खोटी आवई उठली. जमाव जमला व परिषदेच्या मंडपांत आणि रस्त्यांत सांपडेल त्यास मारहाण झाली. कित्येकांनीं मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला. उलट हात करण्याइतकें मनुष्यबळ असतांही डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांस आवरलें. पुढें पंचगव्य वगैरे घालून एकशें आठ घागरी तळ्यांत ओतून तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. ३ एप्रिल १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिक निघूं लागलें व महाडची हकीकत त्यांतून गांवोगांव पोंचली.

६. डिसेंबरची परिषद

४ ऑगस्ट १९२७ रोजीं म्युनिसिपालिटीनें आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोल्यांचा ठराव होऊन त्या दिवशीं बरोबर चार वर्षें झालीं होतीं. दुसरी परिषद डिसेंबरांत भरवून सत्याग्रह करण्याचें ठरलें. १२ डिसेंबर रोजीं महाडच्या कोर्टांत विरुद्ध पक्षानें दावा लाविला आणि १४ रोजीं डॉ. आंबेडकर व इतर यांनीं तळ्यावर जाऊं नये असा तात्पुरता मनाईहुकूम मिळविला.

मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीनें निघून २५ रोजीं दासगांवास उतरली व तेथून चालत महाडास आली. मंडपासाठीं जागा मिळेना, ती फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें दिली. त्या रात्रीं सहस्रबुद्ध्यांनीं मांडलेल्या ठरावाप्रमाणें मनुस्मृतीची प्रत जाळण्यांत आली. पोथ्यांची पानें वाळवीपासून राखण्यांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींस ग्रंथ जाळणें सहज रुचत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु डॉ. आंबेडकरांनीं या कृत्याची तुलना परदेशी कापडाच्या होळीशीं केली होती. त्या होळीनें जगांतलें कापड संपत नाहीं. तें कापड आम्हांवर लादण्याचा अधिकार नाकारला जातो. हा भेद मनांत धरल्यास वाचकांस प्रसंगाचें मर्म कळेल.

मुख्य पेंच मनाईहुकुमाचा होता. दूरदूरच्या गांवांहून हजारों माणसें आलीं होतीं व सत्याग्रहास उत्सुक होतीं. कलेक्टरनें स्वतः येऊन हुकूम पाळण्याविषयीं सांगितलें. बराच खल होऊन सत्याग्रह तहकूब ठेवावा असें ठरलें. लोकांनीं तळ्याभोंवतीं मिरवणूक काढली, परंतु पाण्यास हात लाविला नाहीं. त्या वेळीं कित्येकांस ही माघार वाटली असेल. आमच्या मतें चळवळीची सर्वांत कठीण कसोटी तीच होती. तहानेनें जमलेल्या लोकांनीं, पाण्याच्या कांठावर उभें राहून, पुराव्याचा निकाल होईपर्यंत थांबणें ही गोष्ट आज्ञेनें होत नाहीं; गांवोगांवच्या बैठकींतून आलेला परस्परांवरील विश्वास असावा लागतो.

७. दावा

२३ फेब्रुवारी १९२८ रोजीं मनाईहुकूम उठला, परंतु मूळ दावा चालूच राहिला. वादींचें म्हणणें दुहेरी होतें. तळें सवर्णांच्या खासगी मालकीचें आहे, हें एक. आणि मालकी नसली तरी फक्त त्यांनींच त्याचा उपयोग करावा अशी अनादि वहिवाट आहे, हें दुसरें. ८ जून १९३१ रोजीं महाडच्या सबजज्जानीं, ३० जानेवारी १९३३ रोजीं ठाण्याच्या असिस्टंट जज्जानीं आणि १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया यांनीं दिलेले तिन्ही निकाल वादींच्या विरुद्ध गेले. परंतु तिन्हींचा मार्ग एक नव्हता, आणि संशोधकास रस वाटावा तो यांतच.

तळें वादींच्या मालकीचें नाहीं, म्युनिसिपालिटीकडे असलेली ती सार्वजनिक मिळकत आहे, यावर मतभेद झाला नाहीं. वहिवाटीविषयीं मात्र सबजज्जांचें म्हणणें असें कीं, सवर्णच पुष्कळ काळ पाणी वापरीत आले हें सिद्ध होतें. तथापि एका वर्गानें वापरलें व दुसऱ्यानें वापरलें नाहीं एवढ्यावरून पहिल्यास कायदेशीर हक्क उत्पन्न होत नाहीं. वरच्या कोर्टांनीं आणखी खोल जाऊन, कायद्याच्या अर्थानें जी अनादि वहिवाट म्हणतात ती सिद्धच झाली नाहीं, असें ठरविलें.

८. पुराव्याचा विचार

हायकोर्टानें तळ्याच्या वयाचा विचार केला आहे. अडीचशें वर्षांपूर्वीं तें होतें एवढें सिद्ध झालें. तें कोणीं बांधलें, केव्हां बांधलें, किंबहुना तें संपूर्ण मनुष्यनिर्मित आहे कीं नाहीं, याचा पुरावा नाहीं. मुळांत तेथें पाणी असावें आणि वेळोवेळीं लोकांनीं घाट व बांध घालून तें सुधारलें असावें, असा त्यांचा कयास आहे. देवळांचे पूर्वींचे दावे त्यांच्यापुढें होते. देऊळ विशिष्ट जातींच्या उपयोगासाठींच अर्पण झालें असें अनुमान कांहीं ठिकाणीं निघूं शकतें. परंतु उघड्या, सार्वजनिक तळ्याविषयीं तसें अनुमान काढण्यास आधार नाहीं, असा भेद त्यांनीं केला.

उरला प्रश्न बहिष्काराचा. अस्पृश्य तळ्यावर येत नसत हें खरें. पण ‘येत नसत’ आणि ‘येण्याचा त्यांस अधिकार नव्हता’ हीं दोन वाक्यें एक नव्हेत. आपल्या टिपणांत आपण हीं दोन वाक्यें कितीदां एक करून टाकितों! एखाद्या गांवच्या कागदांत अमक्या वर्गाचें नांव पाणवठ्याच्या संदर्भांत येत नाहीं, एवढ्यावरून त्या वर्गास तेथें पूर्वापार मनाई होती असें आपण लिहून जातों. कागदाचें मौन हें मौनच. तें संमति नव्हे आणि मनाईही नव्हे. भीतीनें दूर राहिलेला माणूस आपल्या भीतीचा कागद करून ठेवीत नसतो, आणि त्याचें दूर राहणें पुढें दुसऱ्याच्या हक्काचा पुरावा म्हणून कोर्टांत मांडलें जातें. महाडच्या निकालानें ही रीत अमान्य केली.

यावरून कोणी म्हणेल कीं, मग निकाल कोर्टानेंच दिला, चळवळीचें त्यांत काय? उत्तर सोपें आहे. तोच पुरावा, तेंच तळें, तोच कायदा १९२७ पूर्वींही होता. प्रश्न विचारला गेला नव्हता, कारण विचारणाऱ्यास एकट्यानें मार खावा लागला असता. तो विचारण्यासाठीं वलंगकरांपासून मोऱ्यांपर्यंत दोन पिढ्यांची तयारी लागली. लोक तळ्यावर गेले नसते तर दावा झाला नसता, आणि दावा झाला नसता तर ‘अनादि’ या शब्दाची झडती झाली नसती. विरुद्ध पक्षानें कोर्टाचें दार ठोठावलें तें लोकांस अडविण्यासाठीं. त्याच दारांतून त्यांच्या वहिवाटीची परीक्षा झाली.

९. उपसंहार

२६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्यघटनेसारख्या गंभीर लेखांत तलाव आणि घाट यावे याचें परक्या वाचकास नवल वाटेल. त्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते आणि तेवीस वर्षांपूर्वीं ते कोणत्या तळ्याच्या पायऱ्या उतरले होते, हें ज्यास ठाऊक आहे त्यास तें वाटणार नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. कोर्टाचे निकाल छापील ग्रंथांत सुरक्षित आहेत. परंतु ज्या खटपटीनें हें घडलें तिचे कागद तितके सुरक्षित नाहींत. वर्गणीच्या पावत्या, धान्याच्या याद्या, हस्तपत्रकें, अर्जांचे मसुदे, पेन्शनरांचीं बुकें, परिषदेचें बोलावणें म्हणून गांवांत फिरलेलीं पत्रें यांस बाजारांत किंमत नाहीं, व म्हणून तीं आमच्या संग्रहांत येत नाहींत. महाड, पोलादपूर, माणगांव या भागांतील घरांतून, पेट्यांच्या तळाशीं, कोंकणच्या पावसाळ्यांत तीं दरसाल थोडथोडीं विरत आहेत. वतनाच्या एका सनदेसाठीं आपण वीस कोस चालतों. चाळीस रुपयांच्या पाण्याच्या हिशेबाचा तुकडा जर कोठें उरला असेल, तर त्यासाठींही चालावें. नाहींतर शंभर वर्षांनीं कोणी तरी पुन्हां म्हणेल कीं, हे लोक पूर्वापार गप्पच होते. आणि त्या वेळीं उलट दाखविण्यास कागद नसेल.